तूट वहीत, चरबी पोटावर

जाळतो त्यापेक्षा कमी खाल्लं की अंगावरची चरबी उतरते. इतकं सोपं गणित चुकवायला अंगात कसब लागतं. ते तुमच्यात आहेच, फक्त थोडी शिस्त हवी.

सुरुवात तेलापासून करा. वहीत लिहा, ‘तेल : एक चमचा’. एक मोठा चमचा म्हणजे साधारण 14 ग्रॅम, सुमारे 120 कॅलरी. मग बाटली थेट भांड्यावर तिरकी करा आणि धार चालू असेपर्यंत खिडकीबाहेर बघा. तळाशी जे तळं साचेल, त्यालाच चमचा म्हणायचं. खरा चमचा खणात कोरडा पडून असला तरी हरकत नाही, हिशेब त्याच्या नावावर चालतो.

उभ्याने खाल्लेलं मांडायचं नाही. रांधताना घेतली ती चव, पोरांच्या ताटातलं संपवलं ते वाया जाऊ नये म्हणून, आणि रात्री फ्रिजच्या उजेडात मारलेला हात ही तर खासगी बाब. बदामही सोडून द्या, ते पौष्टिक असतात. (30 ग्रॅमला पावणेदोनशे कॅलरी भरतात, पण चांगल्या वस्तूची अशी झडती घेऊ नये.)

खर्चाच्या रकान्यात मात्र मन मोठं ठेवा. पाऊण तास चाललात की मनगटावरचं घड्याळ सांगेल तो आकडा देववाणी समजा. नुसते बसून राहिला असतात तरी जळल्या असत्या अशा कॅलरीही त्यात मिसळलेल्या असू शकतात, त्या वजा करण्याइतके कोते होऊ नका. उलट एवढं चाललो म्हणून काहीतरी खाऊन घ्या.

या वाटेने थोर मंडळी गेली आहेत. 1992 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींची तक्रार होती, ‘दिवसाला 1200 कॅलरींच्या आत खातो, तरी वजन हलत नाही.’ संशोधकांनी त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजलं आणि शरीर खरोखर किती ऊर्जा जाळतं ते मोजलं. चयापचय ठणठणीत निघाला. खाणं तेवढं सरासरी 47 टक्क्यांनी कमी सांगितलेलं होतं आणि हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. तेव्हा असलं पाणी कुणी पुढे केलं तर तहान नाही म्हणा.

पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले तर ती चरबीच होती, असं चारचौघांत जाहीर करा. शरीरावरच्या एक किलो चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात. म्हणजे रोज 3300 ची तूट झाली! बहुतेकांना दिवसभर तोंड शिवून बसलं तरी ती जमत नाही, तुम्हाला जमली. खरं तर यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, आटला आणि त्याच्या दर ग्रॅममागे धरून ठेवलेलं तीनेक ग्रॅम पाणी निघून गेलं. दोन भरपेट जेवणांत ते माघारी येईल. त्या दिवशी ‘माझं शरीरच वेगळं’ हे वाक्य वापरायला काढा.

पुढे कधी काटा अडेलच. हलकं झालेलं शरीर कमी जाळतं, त्यामुळे जुनी तूट आपोआप बारीक होत जाते. हिशेब नव्याने मांडण्यापेक्षा मेटाबॉलिझमला शिव्या घालणं सोपं.

तरीही काटा ऐकत नसेल, तर जागा बदलून पाहा. आमच्या न्हाणीघरात दाराजवळच्या फरशीचा एक कोपरा जरासा खचलाय. तिथे काटा ठेवला की मी 600 ग्रॅम कमी भरतो. घरात इतरांना मी अजून ती फरशी दाखवलेली नाही.