‘नागपुरात सापाला हीटर कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

सापाच्या काचेच्या टाकीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावण्याच्या लेखावर तुमच्या तक्रारी तीन. नागपूरच्या भट्टीत सापाला हीटर म्हणजे परदेशी फॅड. लेखाप्रमाणे थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला मॅट बंद करणारं यंत्र) 32 अंश सेल्सियसवर लावूनही तुमच्या बॉल पायथनच्या, म्हणजे पाळीव परदेशी अजगराच्या, पोटाचे खवले तपकिरी पडले. आणि यापेक्षा साठ वॅटचा बल्ब बरा. आधी दुसरी घेतो, कारण तिथे जनावराला इजा झाली आहे.

32 हा आकडा बरोबर आहे. चूक प्रोबच्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या तापमान मोजणाऱ्या टोकाच्या, जागेत आहे, आणि ती तुम्हीच लिहिली आहे : ‘प्रोब आतून बाजूच्या काचेला रबरी चकतीने चिकटवला’. म्हणजे थर्मोस्टॅट मॅट सोडून काचेजवळची हवा मोजत बसला. मॅट हवा फारशी तापवत नाही, तिच्यावरचा तळ तापवते. जानेवारीच्या रात्री ती हवा 32 ला पोचणारच नाही, मग थर्मोस्टॅट मॅट बंद कशाला करेल? तळाची काच 45 च्याही पुढे जाऊ शकते. बाकी टाकी गार, त्यामुळे साप नेमका तिथेच वेटोळं घालून पडतो. मूळ लेखात ‘प्रोब गरम बाजूला लावा’ एवढंच होतं. ते अपुरं होतं हे मान्य, मजकूर बदलला आहे.

प्रोब मॅट आणि काच यांच्या मध्ये, मॅटच्या मधोमध, उष्णता सहन करणाऱ्या टेपने पक्का बसवा. मॅट टाकीच्या बाहेरून, तळाचा एक तृतीयांश भाग व्यापेल इतकीच. टाकीच्या चारही कोपऱ्यांखाली अर्ध्या सेंटिमीटरचे रबरी पाय द्या, नाहीतर टेबल आणि काच यांच्यात उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते. मॅटवरचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नको. थर जाड असला की वरून सगळं थंड वाटतं, आपण आकडा वाढवतो, आणि साप खाली उकरत थेट काचेला टेकतो. पाण्याचं भांडं गार बाजूला. चोवीस तासांनी इन्फ्रारेड गनने कोकोपीट सारून तळाची काच मोजा आणि 31-32 येईपर्यंत एकेक अंशाने सेटिंग हलवा.

भाजलेल्या सापासाठी कोकोपीट काढून साधा पांढरा कागद अंथरा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. फोड किंवा ओल दिसली तर आजच. हळद, कोरफड, खोबरेल, काहीही लावू नका.

बल्बचं म्हणाल तर, रात्रभर पेटता ठेवला की सापाला दिवस-रात्र कळत नाही, विझवला की ऐन थंडीत ऊब जाते. पण तुमच्या म्हणण्यात एक तथ्य आहे : बाहेर पारा 10 च्या खाली गेला की एकट्या मॅटने भागत नाही, कारण गार बाजू 25-27 हवी आणि ती पार 20 च्या खाली उतरते. त्यासाठी मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून इंचभर जाडीचं थर्मोकोल लावा. तरीही कमी पडलं तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, त्याच्या स्वतंत्र थर्मोस्टॅटसह, जाळीच्या झाकणावर. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. हीटर टाकीच्या आत असेल तर भोवती तारेची जाळी हवीच. आणि गरम बाजू जमेपर्यंत खायला देऊ नका, थंड पडलेला साप उंदीर ओकतो.

आता फॅड. थर्मोस्टॅट तापवणं थांबवू शकतो, थंड करू शकत नाही. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) खोली 38 वर असेल तर मॅट आपोआप बंदच राहील, आणि तेव्हा खरा धोका उलटा असतो : सलग 35 च्या वर राहिलेला साप मरू शकतो. टाकी वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला नको, खिडकीच्या उन्हात तर मुळीच नको. कूलर खोलीसाठी लावा, झोत टाकीवर नको. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो आणि 55-60 टक्के आर्द्रताही मिळवून देतो, पण पाऊस लागला की त्याच कूलरने कोकोपीटला बुरशी येते. दिवे गेले तर गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून गार बाजूच्या जाळीवर ठेवा.

मात्र मॅट मार्चमध्ये काढून माळ्यावर टाकू नका. ज्या घरात एसी 24 वर चालतो, तिथे भर मे महिन्यातही साप दिवसभर 24 मध्येच असतो, आणि पोटातलं पचवायला त्याला 31-32 ची जागा लागतेच.

जाता जाता, ‘धामणीलाही हेच चालेल’ असं तुम्ही लिहिलंय. धामण काय, संरक्षित यादीतला कोणताही देशी साप घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

प्रोब हलवल्यावर मॅटवरची काच, टाकीचा मध्य आणि गार कोपरा, तिन्ही आकडे रात्री अकराला आणि पहाटे पाचला घेऊन इथेच टाका. टाकीची लांबी आणि मॅटचे वॅटही लिहा.