पाच रेघांभोवतीचे लाल गोल

परवा माझ्या भाचीला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं लगेच सुरू करू म्हणून सांगितलं आणि तिच्या सासूबाई अडून बसल्या. कारण मोबाईलवर आलेला मेसेज: ‘गर्भवतीला स्टेरॉइड देऊ नका. परदेशी संस्थेचाच तक्ता पाहा. सातपैकी पाच अभ्यासांत फायदा शून्य. सगळ्यांचा मिळून आकडा ०.७८, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. बाळाचा मेंदू मात्र कायमचा कमजोर.’ खाली तक्त्याचं चित्र आणि पाच रेघांभोवती लाल गोल. बाळाची फुप्फुसं जन्माआधी तयार व्हावीत म्हणून ही इंजेक्शनं देतात, त्यात तासातासाला किंमत असते. आमचे तीन तास त्या लाल गोलांवर वाद घालण्यात गेले. मी संख्याशास्त्र शिकवते. गप्प बसणं मला शक्य नाही.

आधी ते ०.७८. हा टक्का नाही, हे गुणोत्तर आहे. इंजेक्शन न मिळालेल्या गटात १०० नवजात बाळं दगावत असतील, तर तेवढ्याच मोठ्या इंजेक्शनच्या गटात ७८ दगावतात. म्हणजे मृत्यू २२ टक्क्यांनी कमी. तक्त्यातली उभी रेघ ‘१’वर असते ती याचसाठी: १ म्हणजे दोन्ही गट सारखे. हा आकडा कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्यातला आहे. त्यात २७ चाचण्या आणि ११ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. ज्याने हे ‘एक टक्कासुद्धा नाही’ असं वाचलं त्याला तक्ता वाचता येत नाही, आणि तरी त्याने तो हजारो घरांत पाठवला. याचा मला मनापासून राग आहे.

आता त्या सात रेघा. ते चित्र २०२० चं नाहीच, ते कॉक्रेनचं बोधचिन्ह आहे. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. चाचणीत बाळं थोडी असली की रेघ लांब होते, कारण खरा परिणाम नेमका किती हे तेवढ्या बाळांवरून ठरत नाही. लांब रेघ उभ्या रेघेला ओलांडते तेव्हा ती ‘फायदा नाही’ असं म्हणत नसते. ती म्हणते, ‘एवढ्या बाळांवरून सांगता येत नाही.’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून रेघा मतांसारख्या मोजायच्या नसतात. सगळ्या चाचण्या त्यांच्या वजनानुसार (चाचणी जितकी नेमकी, तितकं तिला वजन जास्त) एकत्र केल्या की खाली शंकरपाळीसारखा आकार येतो, आणि उत्तर तिथे वाचायचं. या चित्रात ती शंकरपाळी उभ्या रेघेच्या डावीकडे, म्हणजे मृत्यू कमी असलेल्या बाजूला आहे, आणि रेघेला शिवतही नाही.

हेच चित्र बोधचिन्ह का झालं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असतं तर त्याचा हात थांबला असता. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी अशा इंजेक्शनची पहिली चाचणी १९७२ साली छापली. पुढे आणखी झाल्या, पण १९८९ पर्यंत कोणी त्यांचा पद्धतशीर आढावा घेऊन तो छापला नाही. सुट्या चाचण्या बघून बहुतेक डॉक्टरांना फायदा जाणवला नाही, आणि जगभरात हजारो अपुऱ्या दिवसांची बाळं वाचण्यासारखी असून गेली. ज्या चुकीची आठवण म्हणून ते चित्र आहे, तीच चूक त्याच चित्रावर लाल गोल काढून पुन्हा केली गेली.

मेंदूचं म्हणाल तर ऑकलंडच्या त्या चाचणीतली बाळं तिशीत पोचल्यावर पुन्हा तपासली गेली. बुद्धी, स्मरणशक्ती, मानसिक आरोग्य, कशातच दोन गटांत फरक नव्हता. जिममधल्या स्टेरॉइडशी तर या औषधाचा संबंधच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. २०१५ साली सहा देशांतल्या मोठ्या चाचणीत, आणि त्यात आपला नागपूरचा भागही होता, हे इंजेक्शन गावपातळीपर्यंत सरसकट पोचवल्यावर एकूण नवजात मृत्यू कमी न होता हजारी साडेतीनने वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच जणी पुढे पूर्ण दिवसांच्या बाळंत झाल्या. म्हणून दिवस नक्की माहीत हवेत, बाळंतपण खरंच जवळ आलेलं हवं, आईला जंतुसंसर्ग नको आणि नवजात बाळाची नीट सोय हवी. भाचीच्या बाबतीत हे चारही होतं.

अशीच काळजी घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत चाचणी केली. ती २०२० मध्ये छापली गेली. औषध नसलेलं, पण तसंच दिसणारं इंजेक्शन टोचलेल्या गटात शंभरातली २३.५ बाळं गेली, डेक्सामेथासोनच्या गटात १९.६. ‘फक्त चार टक्के’ म्हणणाऱ्यांनी हे असं वाचावं: साधारण पंचवीस आयांना इंजेक्शन दिलं की एक बाळ जास्त वाचतं. सासूबाईंना मी हे कागदावर पंचवीस गोल काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच नर्सला हाक मारली. बारा-बारा तासांनी चार डोस असतात. भाचीचा चौथा आज सकाळी झाला.