औषध कुपीत मावेल. पुढची पंधरा वर्षं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार-टी उपचारांची, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींत जनुक घालून त्यांना कर्करोगाशी लढवण्याच्या उपचारांची, बातमी पडली की दोन तट पडतात. धाकटा भाऊ म्हणतो, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं करून दाखवलं, तेही अमेरिकेच्या दहाव्या हिश्शात. वहिनी सोलापूर जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. तिचं एकच म्हणणं असतं, ‘चाळीस लाख कुणाच्या पासबुकात आहेत? आधी उपकेंद्रातली रिकामी पदं भरा.’ मग दोघं मला मध्ये ओढतात: ‘ताई, तू सांग, तिकडे काय म्हणतात?’

तिकडे, म्हणजे सिएटलला. मी इथे एका औषध कंपनीत दर्जाच्या नोंदी तपासायचं काम करते. प्रयोगशाळेत माझा हात नाही, कागदावर मात्र डोळे असतात. त्यामुळे या वादात दोन्ही बाजू ज्या गोष्टीकडे बघत नाहीत, ती मला आधी दिसते: औषध दिल्यानंतर रुग्णावर वर्षानुवर्षं ठेवायची नजर.

आकडे भावाचे बरोबर आहेत. रक्ताच्या कर्करोगावरच्या किमराया या कार-टी औषधाला अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये परवानगी मिळाली आणि किंमत ठरली ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे आजच्या दरानं चार कोटींच्या आसपास. भाऊ सांगतो त्या भारतातल्या औषधाला, नेक्सकार१९ ला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्याचा खर्च तीस ते चाळीस लाख सांगितला जातो. चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. ही खरोखर मोठी कामगिरी आहे. पण अमेरिकेची किंमत हे मोजमाप कशाला? इथे ती किंमत विमा कंपनीशी भांडायला काढलेला आकडा असतो, आणि ज्याचा विमा तोकडा त्याच्यासाठी लोक इंटरनेटवर वर्गणी काढतात. त्याच्या दहाव्या भागाला स्वस्त म्हणणं म्हणजे हापूसच्या पहिल्या पेटीचा भाव पाहून दुसरी पेटी फुकट मिळाली असं मानणं. महात्मा फुले योजनेचं छत्र कुटुंबामागे पाच लाखांचं आहे. हिशेब वहिनीच्या बाजूनं झुकतो.

महाग का पडतं, याचं उत्तर नफेखोरीत थोडं आणि पद्धतीत जास्त आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या पाठीवर जनुक घालून त्या पेशींत पोचवायचं, पेशी वाढवायच्या, तपासायच्या, गोठवायच्या आणि त्याच माणसाला परत द्यायच्या. एक रुग्ण, एक बॅच. गोळ्यांच्या कारखान्यात एका बॅचच्या कागदांवर लाखो गोळ्या निघतात, इथे तेवढ्याच कागदांवर एक पिशवी.

याच शहरातल्या फ्रेड हच कर्करोग केंद्रात मथायस स्टेफान यांच्या गटानं २०१७ मध्ये या पद्धतीलाच वळसा घालून दाखवला. पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, जनुकच आत पाठवायचं. त्यासाठी त्यांनी वापरला एक पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, बीटा-अमिनो एस्टर जातीचा. जनुक वाहून नेण्यासाठी या जातीवर सुरुवातीचं काम अमेरिकेतल्या एमआयटीत रॉबर्ट लँगर यांच्याकडे झालं होतं. पॉलिमरवर धन भार, डीएनएवर ऋण. दोन्ही एकत्र ढवळले की आपोआप नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तयार होतात. त्यावर ग्लुटामिक आम्लाच्या साखळीचं अस्तर आणि अस्तरावर टी-पेशीची खूण ओळखणारे प्रतिपिंडाचे (अँटिबॉडीचे) तुकडे. रक्तात सोडलेला कण टी-पेशीला चिकटतो, पेशी त्याला गिळते, डीएनए केंद्रकापर्यंत जातो आणि एस्टरचे बंध पाण्यात तुटून पॉलिमर विरघळून जातो. ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झालेल्या १० उंदरांपैकी ७ उंदरांतला रोग गेला. याच गटानं एमआरएनए, म्हणजे जनुकाचा थोडे दिवस टिकणारा निरोप, भरलेले कण गोठवून सुकवून त्यांची पूड करूनही वापरून दाखवले. ज्यानं लोडशेडिंगमध्ये लसीचा फ्रीज सांभाळला आहे, त्याला या पुडीचं मोल सांगावं लागणार नाही.

उंदरांनंतर माणसांची पाळी आली, पण सध्या ती दुसऱ्या वाहनांनी. २०२५ मध्ये चीनमधल्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या चार रुग्णांना जनुक वाहून नेणारा विषाणू थेट शिरेतून दिला गेला, तर ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराच्या) रुग्णांना चरबीच्या नॅनोकणांतून एमआरएनए. त्याच वर्षी ॲस्ट्राझेनेका आणि ॲबव्ही या बड्या औषध कंपन्यांनी शरीरातच कार-टी पेशी घडवायचं तंत्र असलेल्या छोट्या कंपन्या विकत घेतल्या. एकीसाठी एक अब्ज डॉलरपर्यंत, दुसरीसाठी दोन अब्जांच्या वर. हे वाचून भावानं लगेच लिहिलं, ‘मग झालं! पुण्यात जेनोवानं एमआरएनए लस केलीच आहे, हेही होईल.’ त्याचं चूक नाही. जेनोवाच्या लशीला जून २०२२ मध्ये तातडीची परवानगी मिळाली, ती साध्या फ्रीजच्या तापमानाला टिकते, आणि नॅनोकणात आरएनए भरायचं कसब हिंजवडीत आहे. कुपीत भरलेलं, सगळ्यांना एकच असलेलं औषध करणं हे तर महाराष्ट्राचं जुनं काम.

माझी अडचण इथून सुरू होते. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पेशी बाहेर काढून जनुक घालताना एक कर्करोगाची पेशी चुकून त्यात राहिली आणि जनुक तिच्यातही शिरलं. तिच्या पृष्ठभागावरची ओळख झाकली गेली, औषधाला ती दिसेना. तिचीच पिलावळ वाढली आणि तो तरुण गेला. हे झालं काचेच्या आड, तपासण्यांच्या चाळणीतून. नॅनोकण थेट रक्तात सोडल्यावर ती चाळणीच नाही. कण कुठल्या पेशीत शिरला हे पाहून मगच पुढे जायची सोय नाही. प्रतिपिंडाचा पत्ता बहुतेक वेळा बरोबर लागतो, पण माझ्या कामात ‘बहुतेक’ हा शब्द लिहिला की फाइल परत येते.

म्हणून जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचं बसत असेल तर अमेरिकेचं औषध प्रशासन पंधरा वर्षं रुग्णावर नजर ठेवायला सांगतं. जानेवारी २०२४ मध्ये तर मंजूर कार-टी औषधांच्या वेष्टनावर टी-पेशींच्या कर्करोगाचा इशारा छापायला लावला. धोका कमी आहे, पण शून्य नाही. आणि तो दिसतो तो नोंदी ठेवल्या तरच.

आता वहिनीचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. औषध उद्या दोन लाखांवर आलं, बीडच्या ऊसतोड कामगाराला योजनेतून मिळालं, तर दिवाळीनंतर तो कोल्हापूरकडच्या फडावर गेल्यावर त्याची सहामाही रक्ततपासणी कोण करणार? पंधरा वर्षांत मोबाइल नंबर किती बदलतील? टीबीच्या रुग्णाला सहा महिने धरून ठेवताना दमछाक होते, हे वहिनी रोज बघते. शिवाय इंजेक्शननंतरचे पहिले दिवस. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही पहिली मुलगी कार-टीनं वाचली, पण त्याआधी ताप आणि सायटोकाइनच्या वादळात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या रसायनांच्या अचानक उसळीत, ती जवळजवळ गेलीच होती. टोसिलिझुमॅब या औषधानं तिला परत आणलं. जनुक कुपीतून गेलं तरी ते वादळ उठू शकतं. अतिदक्षतेची खाट लागणारच, आणि तिचा खर्च कुपीवर छापलेला नसतो.

हे गावात जमणार नाही, असं इथले काही भारतीय सहकारी सहज म्हणतात. मला ते पटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. तिथली माणसं गावोगाव फिरून रुग्ण शोधतात, आणि त्या वह्यांवर जगात शोधनिबंध निघाले. सिएटलमध्ये चकचकीत प्रणाली आहेत, पण रुग्णानं राज्य आणि विमा बदलला की त्याचा माग कितीदा तुटतो हे मी फायलींमध्ये पाहते.

तर भावाला मी एवढंच लिहिलं: आधी कायमचं डीएनए नको, एमआरएनएचा कण धर. त्याचा परिणाम काही दिवसच राहतो, डोस पुन्हा द्यावा लागतो, रुग्णाला चार खेपा जास्त पडतात. पण चुकीच्या पेशीत गेला तरी जनुक तिथे मुक्काम करत नाही आणि पंधरा वर्षांचं ओझं बरंच हलकं होतं. कायमस्वरूपी जनुकाला परवानगी द्यायची तर परवान्याबरोबरच कंपनीकडून पाठपुराव्याचा निधी बार्शीसारख्या नोंदणीकडे आगाऊ जमा व्हायला हवा, रुग्णालयाकडे नाही. भाऊ म्हणाला, यानं औषध पुन्हा महाग होईल. होईल थोडं. वहिनीनं मात्र लगेच विचारलं, त्या निधीतून आरोग्यसेविकेला प्रवासभत्ता मिळेल का?