तालुक्याच्या गावात आर्टिकलशिप म्हणजे दोन वर्षं वाया? अजिबात नाही

महिनाभरापासून एक मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून राहिला. आधी मावसभावानं पाठवला, मग काकानं, अन् परवा तर सीए इंटर (फायनलच्या आधीची परीक्षा) पास झालेल्या एका पोरीचे बाबा तोच मेसेज घेऊन घरी आले अन् म्हणाले, "भाऊ, पोरीले पुण्याले पाठवाच लागते का? मंग दोन एकर वावर गहाण टाकतो." तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो. मेसेज असा आहे की गावाकडं आर्टिकलशिप (सीए व्हायला एखाद्या सीएच्या हाताखाली करावं लागणारं काम) करणाऱ्याची दोन वर्षं पाण्यात, पैसे नाही, शिकायला नाही, अभ्यास होत नाही, मराठी मिडियमवाल्यानं तर नादीच लागू नये. मी हिंगणघाटला आर्टिकलशिप केली, सीए इन्स्टिट्यूटच्या नव्या स्कीमची पूर्ण दोन वर्षं, गावावरून रोज एसटीनं येऊन-जाऊन. आता फायनलची तयारी चालू आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पैशाचं पहिले. "२,००० रुपयात राबवून घेतात, हमालही जास्त कमावतो." आकडा खरा आहे. २०२३ च्या स्कीमप्रमाणं ४ लाखाच्या आत लोकसंख्या असलेल्या गावात पहिल्या वर्षी महिन्याला कमीत कमी २,००० अन् २० लाखाच्या वरच्या शहरात ४,०००. कापूस वेचायला जाणारी माझी काकू त्या वर्षी माझ्यापेक्षा जास्त कमवत होती अन् मला ते लागलं पण होतं. स्टायपेंड (आर्टिकलला मिळणारे हे पैसे) वाढला पाहिजे हे माझं ठाम मत आहे. पण मेसेजवाल्यानं फक्त जमेची बाजू लिहिली, खर्चाची लिहिलीच नाही! पुण्यात ते ४,००० खोलीच्या भाड्यालाच पुरत नाहीत, वरून मेस, वरून बस, ते सगळं बाबाच्या खिशातून. माझा खर्च एसटीचा पास अन् चहा, डबा आईच्या हातचा. अन् २,००० हे कमीत कमी आहे, सरांना, म्हणजे ज्यांच्याकडं लागतो त्या सीएला, वाटलं तर जास्तही देतात, लागायच्या वेळी विचारायला लाजू नका.

"शिकायला काय आहे तिथं, नुसती टॅलीत एन्ट्री." (टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर.) याचा मला खरंच राग आला. पहिले तीन महिने मी एन्ट्रीच केल्या, हो. पण चौथ्या महिन्यात सरांनी एका जिनिंगच्या (कापसातून रुई काढणाऱ्या कारखान्याच्या) ऑडिटला सोबत नेलं अन् खरेदीचं रजिस्टर, काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या), गाठींचं रजिस्टर सगळं माझ्यासमोर ठेवलं. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, गाठ १७० किलोची, म्हणजे ४,००० क्विंटलवर ८०० गाठी यायला पाहिजे. रजिस्टरात ७७१ होत्या. मी मुनीमजीला विचारलं तर ते म्हणाले फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) जास्त होती अन् माल ओला आला होता. आमच्या घरी फरदड घेतात, तिचा उतारा (क्विंटलमागे निघणारी रुई) कमी पडतो हे मला माहीतच होतं, पण सर म्हणाले महिन्याप्रमाणं काढून दाखव, तोंडी चालत नाही. काढलं, अन् जानेवारीनंतरच उतारा पडलेला दिसला, हिशोब जुळला.

पण तिथंच दुसरी गोष्ट सापडली. एकाच माणसाच्या नावावर ६०० क्विंटल कापूस, पेमेंट सगळं नगदी, अन् पुढे लिहिलेलं 'कास्तकार'. आता आमच्याकडं कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल झाला तर बरा. म्हणजे ६०० क्विंटलला शंभर एकर लागते, अन् महाराष्ट्रात कोरडवाहू जमिनीची सिलिंगच ५४ एकर आहे! तो खेडा खरेदीवाला (गावोगावी कापूस घेऊन पुढं विकणारा) व्यापारी निघाला. हे महत्त्वाचं काहून, तर एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर नगदी दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, सूट आहे ती पिकवणाऱ्याला दिलेल्या पैशाला, व्यापाऱ्याला नाही. अन् कास्तकाराकडून कापूस घेतला तर रिव्हर्स चार्जमधे, म्हणजे विकणाऱ्याऐवजी, जीएसटी जिनिंगवाल्यानं भरायचा असतो, २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्यामुळे विकणारा नेमका कोण यावर जीएसटीचा हिशोबही फिरतो. हे मला क्लासमधे कोणी शिकवलं नव्हतं. मी कास्तकाराचा पोरगा आहे म्हणून तो आकडा डोळ्यात खुपला. शहरातल्या मोठ्या फर्ममधे वीस आर्टिकलमधे एकाला नुसतं बँक रिकन्सिलिएशन (वहीचा अन् बँकेचा हिशोब जुळवणं) देतात असं माझे मित्रच सांगतात, इथं एकच फाईल व्हाउचरपासून सरांच्या सहीपर्यंत माझ्या हातातून गेली.

मराठी मिडियमचं. पेपर मराठीत देता येत नाही, इंग्रजी नाहीतर हिंदी, हे खरं. मीपण दहावीपर्यंत जिल्हा परिषद अन् गावच्याच शाळेत. पण नोटीसचं उत्तर दहा वेळा लिहिलं, सरांनी दहा वेळा लाल पेनानं खोडलं, तेवढ्यानं लिहिणं सुधरलं. परीक्षेत कोणी साहित्य विचारत नाही.

"ऑफिस करून अभ्यास होतच नाही." नियम आठवड्याला ३५ तासांचा आहे. सप्टेंबरमधे टॅक्स ऑडिटच्या वेळी तो पाळला जात नाही अन् मीपण रात्री नऊच्या शेवटच्या गाडीनं गेलो आहे, ते लपवत नाही. पण आर्टिकलशिप संपल्यावर फायनलच्या आधी ६ महिने अभ्यासालाच आहेत. अन् इंटरच्या पहिल्या अटेम्प्टला मी पूर्ण वेळ घरी बसून अभ्यास केला होता, तेव्हाच्या जुन्या स्कीमप्रमाणं एका ग्रुपला (चार पेपर मिळून) ४०० पैकी २०० लागत होते, १९४ आले. मोकळा वेळ होता म्हणून पास नाही झालो.

अन् मेसेजची शेवटची ओळ, "गावच्या सीएकडं नावाला टाका अन् घरी अभ्यास करा." पोट्टेहो, हे करू नका. हीच ती डमी आर्टिकलशिप, सापडलं तर इन्स्टिट्यूट तो काळ धरत नाही, सही देणारा सीएही अडकतो. अन् नाही सापडलं तरी उद्या स्वतः ऑडिटला गेल्यावर काटापट्टी कशी वाचायची ते कोणाला विचारणार?

मोठ्या कंपनीतच नोकरी पाहिजे असेल, लिस्टेड कंपन्यांचं ऑडिट पाहिजे असेल तर खुशाल मुंबई-पुण्याला जा, तो अनुभव इथं मिळत नाही. पण इथं पतसंस्था आहेत, जिनिंग आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, बहुतेकींचं दरवर्षी ऑडिट लागते.

त्या पोरीच्या बाबांना मी म्हटलं, काका, वावराचं नंतर पाहू. आधी तालुक्याच्या दोन-तीन ऑफिसात जाऊन तिथल्या जुन्या आर्टिकललेच विचारा, ऑडिटला बाहेर नेतात का, परीक्षेची सुट्टी देतात का, फाईल समजावून सांगतात का. सोमवारी बापलेक दोघं जाऊन येणार आहेत.