पोरींनी कुठल्या मातीत खेळायचं? खानापूरच्या काकांना उत्तर

काका, माझ्या ज्युडोवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला म्हणून दुसऱ्यांदा. नाव घातलं नाहीत, पण बेळगावजवळच्या खानापूरकडचे आहात आणि तरुणपणी जत्रेच्या फडात कुस्त्या मारल्यात एवढं लिहिलंत, तेव्हा काकाच म्हणते. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, काकांचं म्हणणं असं की आपली मातीतली कुस्ती मरायला टेकलेली असताना मी जपानी खेळाचे गोडवे गाते, मणिपूरच्या पोरीला 'आपल्याकडे घडली' म्हणून मी कर्नाटक सरकारची तळी उचलली, आणि पंधरा वर्षांच्या लेकरांना उपाशी ठेवून मेडलसाठी पळवणं याला खेळ म्हणत नाहीत.

सरकारचं आधी उरकते. लिंथोई चनंबम तयार झाली ती बळ्ळारीकडे विजयनगरच्या इन्स्पायर इन्स्टिट्यूटमध्ये, ती जेएसडब्ल्यू या पोलाद कंपनीची संस्था, सरकारी नव्हे, आणि तिचे कोच जॉर्जियाचे, मामुका किझिलाश्विली. म्हणजे मणिपूरची पोरगी, जॉर्जियाचा कोच, जागा बळ्ळारी जिल्ह्यातली, आणि मेडल बोस्नियातल्या सारायेवोत. यात सीमाप्रश्न नेमका कुठं बसवायचा काका? 'आपल्याकडे' हा शब्द मी सहज लिहिला. तो इथं टोचतो हे मला कळायला पाहिजे होतं, मीही मराठी शाळेतच शिकलेय, कन्नड कागद आला की शेजारच्या अक्कांकडे धावतेय. तो शब्द बदलते.

आता कुस्ती. माझा भाऊ तालमीत जायचा आणि मी त्याचा दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी राहायची. दारात, आत नाही. आत पोरींनी यायचं नसतं एवढंच माहीत होतं, का ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आता काही ठिकाणी पोरींना घेतात, चांगलंच आहे, पण माझ्या पुतणीला जेव्हा काहीतरी अंगमेहनतीचं खेळायचं होतं तेव्हा तिला घेतलं ते ज्युडोवाल्यांनी. हॉल, मॅट, जाड पांढरा ड्रेस, आणि पहिले कितीतरी दिवस फक्त पडायला शिकवलं. हसू नका. पाठीवर पडताना हनुवटी छातीला लावायची, हात सपाट आपटायचा, परत उठायचं, परत पडायचं. भावाला तालमीत पाडायला शिकवलं होतं, पडायला नाही, म्हणून तर त्याचा खांदा अजून थंडीत बोलतो.

आणि डाव काय अगदी परके नाहीत हो. तुमचा धोबीपछाड आणि त्यांचा सेओई नागे शेजारी ठेवून बघा. ज्युडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी (१८८२ ची गोष्ट) खांद्यावर उचलून टाकायचा काता गुरुमा हा डाव पाश्चात्त्य कुस्तीवरून बसवला म्हणतात, म्हणजे तेही दुसऱ्याच्या आखाड्यात डोकावत होतेच. फरक आहे तो भलत्याच ठिकाणी. ज्युडोत आता कमरेखाली हात लावायचा नाही. तुम्ही पट काढलात, म्हणजे पाय धरून पाडायला गेलात, की पंच शिदो (दंडाची ताकीद) देणार, तीन शिदो झाले की बाहेर. आमच्या हॉलमध्ये तालमीतून आलेली पोरं पहिले महिनाभर ह्याच्यातच मार खातात, हात आपोआप पायाकडे जातो. खाशाबा जाधवांचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून सांगते, ते १९४८ ला लंडनला मॅटवर उतरले तेव्हा मॅटची सवय नव्हती, सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. मातीतला माणूस मॅटवर गेला म्हणून बाटला असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

आपल्या भागातलं म्हणाल तर तुरमुरीची मलप्रभा जाधव. शेतकऱ्याची पोरगी, ज्युडोतून तयार झाली, आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कुराशमध्ये ५२ किलोत ब्राँझ. कुराश म्हणजे उझबेकिस्तानकडची उभ्याची कुस्ती. तेव्हा जपानी की उझबेकी असं तुरमुरीत कुणी विचारत बसलं नसेल. लिंथोईचं तर २०२२ चं मेडल, कॅडेट (अठरा वर्षांखालच्यांची) वर्ल्ड चॅम्पियनशिप, ५७ किलो, फायनलला ब्राझीलच्या बियांका रेसला १-० ने हरवून. ही स्पर्धा २००९ ला बुडापेस्टला सुरू झाली, आणि कॅडेट सोडा, ज्युनियर किंवा सीनियरलाही तोवर एकाही भारतीयाला ज्युडोचं वर्ल्ड मेडल नव्हतं. पंधरा वर्षांची पोर होती ती. कौतुक करू नको तर काय करू?

पण तिसऱ्या मुद्द्यावर तुमचं खरं आहे, आणि लेखात मी ते लिहिलं नाही कारण मला लाज वाटत होती. पुतणीचा पहिल्या सिलेक्शनला गट ४४ किलो. मुलींचे कॅडेटचे गट ४०, ४४, ४८, ५२ असे असतात, म्हणजे जरा वाढत्या अंगाची पोर सारखी दोन गटांच्या मधे लटकलेली. आदल्या रात्री ती ३०० ग्रॅम जास्त भरली. एका कोचनी (आता त्या आमच्याकडे नाहीत) सांगितलं, पाणी बंद, स्वेटर घालून पळव. आणि मी तिला लॉजच्या जिन्यावर खालीवर पळवलं, मीच, हातात घड्याळ धरून. रात्री ती वाटीत थुंकत बसली होती, थुंकीनंही वजन उतरतं म्हणून. सकाळी ४३.९ भरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्याच कुस्तीत अर्ध्या मिनिटात पाठीवर इप्पोन, म्हणजे लढत तिथंच संपली. उठून आली ती मला ओळखत नसल्यासारखी बघत होती. दादाला आम्ही हे अजून सांगितलेलं नाही, वहिनीला माहितेय.

जपानमध्ये, जिथला हा खेळ, तिथल्या ज्युडो फेडरेशननं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेच्या पोरांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद करून टाकली. जिंकण्याच्या नादात पोरांची वजनं उतरवायला लागले, आईबाप आणि कोच बाहेरून ओरडायला लागले, म्हणून. ज्यांचा खेळ त्यांनाच हे दिसलं, आणि मी इथं जिन्यावर घड्याळ धरून उभी. एवढंच म्हणेन की दोष ज्युडोवरच टाकू नका, वजनाची कुस्ती मारणारी पोरं उपाशी राहतात हे तुम्हालाही माहितेय, जत्रेच्या जोड्या नजरेनं लावायचे तो जमाना वेगळा.

ती आता ४८ ला खेळते. दोन भाकऱ्या खाते, वर दही. अजून मोठं काही जिंकली नाही, गेल्या वेळी दुसऱ्या फेरीत गोल्डन स्कोअरमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळात) गेली आणि तिसऱ्या शिदोवर हरली. शिदो कशाचा विचारा? पायाला हात लावल्याचा. भावानं घरी अंगणात पट शिकवला होता!