नेव्हीच्या 'तबकडी'वाल्या फॉरवर्डबद्दल थोडं

तो गोल चपट्या विमानाचा फोटो परत फिरायला लागलाय. खाली लिहिलंय की अमेरिकन नेव्हीने नाझींचं डिझाइन ढापून उडती तबकडी बनवली, १९४७ ला केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन पायलटला दिसली ती हीच, धातू इतका अजब की विमान मोडीत काढायला लोखंडी गोळा लागला, आणि शेवटी जेटवाल्यांनी प्रोजेक्ट दाबलं.

फोटोतलं विमान खरंय, व्हॉट कंपनीचं एक्सएफ५यू, दिसायला अगदी घावन. पण नाझी कुठून आले बुवा? चार्ल्स झिमरमन हा अमेरिकन इंजिनिअर १९३० च्या दशकापासून यावर डोकं लावून बसला होता. आखूड पंखाच्या टोकाला खालची हवा वर वळून भोवरा करते आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर, खाते, म्हणून याने टोकांनाच भलेमोठे प्रोपेलर लावले, भोवऱ्याच्या उलट फिरणारे, आणि दोन्ही इंजिनं शाफ्टने जोडली, म्हणजे एक बंद पडलं तरी दोन्ही प्रोपेलर फिरत राहणार. भारी डोकं, पण माणसाचंच.

आता अर्नोल्ड. त्याला २४ जून १९४७ ला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या माउंट रेनियर डोंगराजवळ नऊ वस्तू दिसल्या, वेग म्हणे ताशी हजार मैलांच्या वर. एक्सएफ५यू नेव्हीने मार्चमध्येच रद्द केलं होतं आणि ते जमिनीवरच्या चाचण्या नि फारतर छोट्या उड्या यापुढे गेलंच नव्हतं. खरंखुरं उडालं ते त्याच्या आधीचं चाचणीचं विमान, व्ही-१७३, तेही एकच, लाकूड आणि कापडाचं, ८०-८० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, वेग जेमतेम ताशी १३८ मैल, आणि उडायचं पार दुसऱ्या टोकाला कनेक्टिकटमध्ये. एकाचे नऊ कसे झाले ते फॉरवर्डवाल्यालाच विचारा.

गोळ्याची गोष्ट मात्र खरी आहे हं. पण परग्रह वगैरे काही नाही, ते मेटलाइट होतं, ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बाल्सा लाकूड चिकटवलेलं.

राहिलं दाबण्याचं. गिअरबॉक्स नि प्रोपेलरच्या भानगडी, व्हायब्रेशन, यातच वर्षं गेली, आणि तेवढ्यात जुलै १९४६ मध्ये मॅकडॉनेलचं फँटम जेट विमानवाहू जहाजावर उतरूनसुद्धा दाखवलं, मग नेव्ही पिस्टन इंजिनवाल्यावर पैसे कशाला घालेल? आणि दाबलंच असेल तर ते व्ही-१७३ व्हॉटच्याच रिटायर्ड लोकांनी नीट करून डॅलसच्या म्युझियममध्ये सगळ्यांसमोर कसं काय ठेवलं?