चिखल न लागता निसर्ग

शाळा नुकतीच उघडलेली असते, प्रवेशोत्सवाच्या पताका अजून उतरवलेल्या नसतात, तेवढ्यात वरून पत्र येतं: मुलांना वर्गाबाहेर न्या, परिसरातून शिकवा, अहवाल फोटोसह सादर करा. नव्यानं मुख्याध्यापक झालेल्या माणसाच्या पोटात इथे गोळा येतो. तुम्ही घाबरू नका. पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचा. अहवाल मागितलाय, फोटो मागितलेत. मुलांना काय दिसलं, हे कुणी विचारलेलंच नाही. माझी सगळी नोकरी या एका ओळीवर निभावली, तुमचीही निभेल.

सगळ्यात आधी 'परिसर' या शब्दाचा अर्थ पक्का करा. परिसर हे एक पुस्तक आहे. त्याला खाकी कव्हर असतं आणि ते दप्तरात राहतं. मध्यंतरी बालभारतीनं तिसरीला जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं पुस्तक काढून आमची पंचाईत केली होती. त्यात आपलीच नदी, आपलाच घाट, आपलाच आठवडी बाजार. एखादं पोर 'बाई, ही नदी म्हणजे आपल्या पुलाखालचीच का?' असं विचारायचं. मग आम्ही युक्ती काढली. नदीचं नाव आणि उगम पाठ करून घ्यायचा, आणि शाळेमागच्या ओढ्याला नाला म्हणायचं. नाल्याकडे कुणी सहल काढत नाही.

भाषेच्या तासाला मात्र निसर्ग सढळ हातानं वापरा, तिथे तो चावत नाही. उदाहरणार्थ, 'पळसाला पाने तीनच'. अर्थ दोनदा लिहून घ्या, वाक्यात उपयोग करून घ्या. फक्त कुंपणाशी खरा पळस असेल तर त्या बाजूची खिडकी लावा. आमच्याकडे होता. चौथीतली एक मुलगी फांदीच घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, ही तीन पानं नाहीतच. एकच आहे." मी हसलो. तिनं बोट ठेवून दाखवलं: तिन्हींना मिळून खाली देठ एक, आणि नवा कोंब येतो तो त्या मोठ्या देठाच्या बगलेत, वरच्या तिघांपैकी एकाच्याही बगलेत नाही. वनस्पतिशास्त्रही नेमकं हेच सांगतं: पळसाचं पान एकच, पर्णिका तीन. पण पेपरात तिला 'तीनच' लिहायचं होतं आणि गुण मला द्यायचे होते. मी फांदी कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितली. पुढच्या मे महिन्यात भिंत बांधताना तो पळस गेला. म्हण शाबूत आहे, त्यामुळे शैक्षणिक नुकसान झालेलं नाही.

आता मैदान. देणगीदार असो, आमदार निधी असो, काय पाहिजे विचारलं की डोळे मिटून पेव्हर ब्लॉक मागा. ब्लॉक बसले की चिखल जातो, गवत जातं, गांडुळं जातात आणि त्यांच्यापाठोपाठ प्रश्नही जातात. पण कोपरे तपासायला विसरू नका, तिथे मी फसलो. भिंतीलगत, पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, पाऊस पोचत नाही अशी वीतभर भुसभुशीत माती उरते आणि त्या मातीत रुपयाएवढे नरसाळ्यासारखे खड्डे असतात. मुंगी काठावरून घसरली की तळाशी दबा धरून बसलेली अळी डोक्यानं तिच्यावर माती उडवते, मुंगी आणखी खाली येते. मधली सुट्टी संपून गेलेली, आणि दुसरीतला एक मुलगा तिथे उकिडवा बसलेला. वर्गात चार मिनिटं एका जागी टेकत नाही म्हणून बाईंनी ज्याच्या पालकांना दोनदा बोलावलं होतं, तोच हा. गवताची काडी काठाला हलकेच लावायची, माती उडाली की हात मागे घ्यायचा, पुन्हा वाट बघायची. मी व्हरांड्यातून घड्याळ लावून बघत होतो. २५ मिनिटं. मग त्यानं फुंकर मारून माती उडवली, अळी तळहातावर घेतली आणि एकदम ओरडला, "सर, ही पुढे चालतच नाही! मागं मागंच जाते!"

खरंच जाते. मला माहीत नव्हतं.

मी त्याला वर्गात पिटाळलं. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'एकाग्रता कमी' असा शेरा शाईनं लिहिलेला होता, खाडाखोड झाली असती. त्या कोपऱ्यात आता काँक्रीट आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी शनिवार धरा, तो आनंददायी असावा असं सरकारनंच ठरवून दिलंय. आधी फ्लेक्स छापून घ्या, जागा मागाहून ठरते. फ्लेक्सवर हरीण घाला. तालुक्यात हरीण नसलं तरी बिघडत नाही, उद्घाटकांचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असला म्हणजे झालं. संमतीपत्रात पडणे, चावणे, भिजणे, खाजणे हे सगळं एकेका ओळीत लिहा, निम्मे पालक तिथेच गळतात. उरलेल्या मुलांना रांगेत न्या, हाताची घडी, तोंडावर बोट. निसर्गभ्रमणासाठी याच्याइतकं नेमकं आसन योगशास्त्रातही सापडणार नाही, कारण घडी घातलेला हात काही उचलत नाही आणि ओठावर बोट असलं की प्रश्न आतच राहतो. झाडाखाली पोचल्यावर कृतिपत्रिका वाटा: 'झाडाचे पाच उपयोग लिहा.' उत्तरं आदल्या दिवशी फळ्यावर दिलेली असावीत. नाहीतर एखादा झाडाकडे बघून 'मुंगळ्यांना वर जायला' असं लिहितो, आणि तपासणाऱ्या बाई गुण द्यावेत की नाही या विचारात पडतात. फोटोत मुलांची पाठ झाडाकडे हवी. स्थळ, वेळ, अक्षांश-रेखांश सगळं त्यावर उमटलं की निघा. यात हजेरी तीनदा होते.

उद्घाटनाच्या भाषणात थोर माणसं हवीत. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली, तिचे वर्ग झाडाखाली भरत आणि आजही भरतात, हे जरूर सांगा. बोर्डी-कोसबाडचंही सांगा: गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. इथे टाळ्या पडतात. टाळ्या विरायच्या आत सभागृहाचा एसी वाढवायला सांगून पुढच्या वक्त्याला बोलवा, कारण मागच्या रांगेतल्या एखाद्या नव्या बाईंना 'मग आपणही सोमवारपासून' असं काहीतरी सुचू लागलेलं असतं.

पक्षी दाखवायचेच असतील तर चार्टवर दाखवा. आम्ही एकदा भर पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली सुगरणीची घरटी दाखवायला नेलं. सुगरण कशी हुशार गृहिणी असते, हे पाठ केलेलं मी खणखणीत आवाजात सांगत होतो. पोरं वर बघत होती. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताची पाती आणून विणत होता आणि तपकिरी पक्षी नुसता येऊन, बघून, उडून जात होता. विणणारा तो नर. मादी येऊन अर्धवट घरटं पारखते, पसंत पडलं तर राहते. नाही पडलं तर बिचारा दुसरं विणायला घेतो. "मग सर, त्याला सुगरण का म्हणायचं?" मी म्हटलं, चला, रांग करा.

पालकसभेची काळजी करू नका, पालक तुमच्याच बाजूचे असतात. बुटाला चिखल लागला तर ग्रुपवर दीडशे मेसेज येतात, शाळेत सहा तास पोरगं सावलीत बसलं तर एकही येत नाही. फक्त डोळ्यांचा विषय निघू देऊ नका. चीनमधल्या ग्वांगझूत १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांनी एरवीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नव्यानं लांबचं धूसर दिसायला लागलेलं, बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्क्यांना. २०१५ मध्ये हे छापूनही आलं. कुणी कात्रण घेऊन आलंच तर सांगा, ४० मिनिटांत आपल्याकडे एक घटक चाचणी होते. शिवाय चष्म्याचा दुकानदार आपल्या स्नेहसंमेलनाचा प्रायोजक आहे.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट तुमच्या हातात नसते. मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, शाळा सुरू होऊन आठवडा झालेला नसतो, आणि गणिताच्या तासाला मागच्या बाकावर पाच-सहा डोकी एकत्र येतात. समजून जा. कुणाच्या तरी कंपासपेटीत कर्कटकाच्या शेजारी ओलं गवत आणि त्यावर लालभडक मखमलीचा थेंब असावा तसा मृगाचा किडा असतो. तुमच्याकडे तक्रार येते ती मात्र वेगळीच. बाईंनी फळ्यावर 'कीटकांना सहा पाय असतात' असं लिहिलेलं, आणि या मुलांनी आठ मोजलेत.

बाई तुमच्याकडे बघतात. अशा वेळी कंपासपेटी ताबडतोब जप्त करा. मुलांना सांगा, पुस्तकात आहे तेच बरोबर. पेटी आपल्या टेबलाच्या खणात ठेवा आणि शाळा सुटेपर्यंत खणाला हात लावू नका. घंटा होईल, मुलं जातील, शिपाई खोल्यांना कुलपं लावत व्हरांड्याच्या टोकाला पोचेल. दार आतून लावून घ्या, दिवा लावा, चष्मा पुसा आणि मग सावकाश मोजा. गडबडीत पुढचे दोन सुटतात.